जाहिरातीच्या पैशातून शाळेला मदत: माझा अनुभव

आमची वेबसाइट द्राक्षबागेवरची: खरडछाटणी, फळछाटणी, डावणी-भुरीसारखे रोग, बेदाणा. गूगल ॲडसेन्स ही सेवा साइटवर जाहिराती लावते आणि त्याचे पैसे साइटवाल्याला देते. आमच्या साइटवरचे हे पैसे जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला द्यायचे, असं आम्ही तासगावातल्या काही जणांनी ठरवलं आणि ते मार्गी लागलं. कुणाला असं करायचं असेल तर पहिली गोष्ट: जाहिरातीच्या आसपास शाळेचं नाव घ्यायचं नाही.

'जाहिरातीवर क्लिक करा, शाळेला मदत होईल' असं लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. ॲडसेन्सच्या नियमांत ते सरळ बंद आहे. क्लिक करा म्हणणं तर नाहीच, क्लिकमधून दुसऱ्या कुणासाठी पैसे उभे राहतील असं आमिषही चालत नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही बजावून ठेवा. चांगुलपणानं रोज मारलेले क्लिक अवैध धरतात, पैसे कापतात, खातंही बंद पडू शकतं.

शिल्लक १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळणीचा सहा आकडी पिन टपालानं निघतो. साधं टपाल, ट्रॅकिंग नाही. दोन ते चार आठवडे धरा. घडी घालून चिकटवलेला पांढरा कागद असतो, कडेच्या पट्ट्या फाडल्या की आत आकडा. बाहेरून बघणाऱ्याला तो कसल्यातरी कंपनीचं पत्रक वाटतो आणि रद्दीत जातो. मळ्यात घरनंबर कुठला असायला? म्हणून मु. पो., वस्ती, जवळची खूण असं सगळं पत्त्यात लिहा आणि पोस्टमनदादांच्या कानावर घाला. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात.

१०० डॉलर जमल्यावर पैसे सुटतात. मागच्या महिन्याचा हिशेब ३ तारखेच्या सुमारास पक्का होतो, रक्कम २१ ते २६ दरम्यान निघते. ती परदेशातून येते, त्यामुळे पतसंस्थेचं खातं उपयोगाचं नाही. मोठ्या बँकेच्याही गावातल्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड) बहुधा नसतो. परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा मागून घ्या. बँकेनं कारण विचारलं तर जाहिरात सेवेचा पी१००७ हा परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, द्या. तिथं 'देणगी' म्हणालात की परदेशी देणग्यांच्या कायद्याचे, एफसीआरएचे, प्रश्न सुरू. ॲडसेन्स खातं संस्थेऐवजी एका व्यक्तीच्या नावावर ठेवलं ते याच कारणानं.

म्हणजे पैसा आधी त्या व्यक्तीचं उत्पन्न, त्यावर आयकर, मग दान. दानावरची आयकरातली ८०जीची वजावट हवी असेल तर तशी नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत द्या, २,००० रुपयांच्या वर रोख नको. नवीन करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही. स्वतःच्या कमाईतून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण साइटवर वर्गणीचा क्यूआर कोड लावलात, तर गणेश मंडळांसारखीच वर्गणी गोळा करायची कलम ४१कची परवानगी धर्मादाय कार्यालयातून घ्या.

शाळेला दरमहा अमुक देऊ असं मात्र कबूल करू नका. आमचे वाचक ऑक्टोबर छाटणीला वाढतात, माल निघाला की पांगतात. ॲडसेन्सच्या डॅशबोर्डवरचा कमाईचा अंदाजी आकडाही अवैध क्लिकच्या कापाकापीनंतर खाली येतो. आम्ही पैसे खात्यात पडल्यावरच गुरुजींना विचारतो आणि वस्तू देतो: पुस्तकं, पाण्याची टाकी, फिल्टर. बिल शाळेच्या नावानं घ्यायचं आणि डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद झालेली डोळ्यांनी बघूनच निघायचं.