साथीला कोण होतं?

कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "फ्लूट छान झाली हो, पण साथीला ते हार्पसिकॉर्ड कोण वाजवत होतं?" हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोसारख्या पट्ट्यांचं, पण तारा छेडणारं वाद्य. विचारणाऱ्याची चूक नाही. पेटी-तबल्याच्या साथीवर वाढलेले आपले कान. एक जण पुढे, बाकीचे बाजूला, हे गृहीतच असतं. पण आम्ही, म्हणजे फ्लूटवर मी आणि हार्पसिकॉर्डवर माझी मैत्रीण, वाजवतो तो जर्मन संगीतकार बाखचा बी मायनर सोनाटा, म्हणजे बी मायनर या स्वरपट्टीतली काही भागांची वाद्यरचना. तिथे हा हिशेब जुळत नाही.

त्याच्याच ई मायनर सोनाटाला साथ म्हणा, माझी हरकत नाही. त्यात हार्पसिकॉर्डसाठी फक्त खालच्या सुरांची ओळ आणि तिच्यासोबत आकडे. उजव्या हातानं काय भरायचं ते वाजवणाऱ्यानं त्या आकड्यांवरून ठरवायचं. बी मायनरची प्रत मात्र १७३६च्या सुमाराची, बाखच्याच हातची, आणि तिच्यात उजव्या हाताचा सूर न् सूर लिहिलेला. फ्लूट, उजवा हात, डावा हात अशा तीन ओळी. शेवटच्या प्रेस्टोत, म्हणजे वेगवान भागात, एकच विषय तिघांत फिरतो. मधल्या संथ भागात हार्पसिकॉर्ड माझ्या मागे चालतं, एवढंच काय ते.

गंमत म्हणजे याच सोनाटाचं जी मायनरमधलं आधीचं रूप सापडतं, त्याचा फक्त हार्पसिकॉर्डचा भाग शिल्लक आहे. 'मुख्य' कलाकाराचा कागद हरवला.

बरं, हार्पसिकॉर्ड श्वास घेत नाही. पट्टी दाबली की आत लाकडी काडी वर उसळते आणि तिच्यातली पिसाची नखी तार छेडून जाते. जोरात दाबा, हळू दाबा, आवाज जवळपास तेवढाच. बाखच्या वेळची फ्लूट लाकडी, एकाच चावीची, मृदू. माझी धातूची. त्यामुळे आवरायचं मलाच. आणि बाखनं श्वासाला जागा सोडलेली नाही! मी पेन्सिलीनं स्वल्पविराम काढत बसते.

सराव आम्ही माझ्या घरी करतो, डिजिटल पियानोचं हार्पसिकॉर्डचं बटण दाबून. माझी मैत्रीण ते स्वल्पविराम स्वतःच्या प्रतीवर उतरवून घेते. परवा त्यातला एक तिनं दोन्ही प्रतींवर खोडला.

"इथे तुझा लांबवलेला सूर माझ्या सुरावर घासायला हवा," म्हणाली. "तू सोडलास तर मी कुणाशी भांडू?"