बहात्तर तासांनी बरोबर वेळ दाखवणारे घड्याळ

ज्यांचे यंत्र पाहणाऱ्याला दिसत नाही अशी गूढ घड्याळे जमवण्याचा नाद मला पंधरा वर्षांपूर्वी एका जर्मन हत्तीने लावला. जुंगहान्स कंपनीच्या या घड्याळात हत्तीच्या उंचावलेल्या सोंडेला टांगलेले घड्याळ झुलत राहते, हत्ती मात्र जागचा हलत नाही. सारे यंत्र झुलणाऱ्या डबीतच असते आणि तिच्या पोटात दडलेला छोटा लंबक तिला प्रत्येक झोक्याला हलकासा रेटा देतो, हे कळायला मला आठवडा लागला. ते कळल्यावर ओढ लागली ती आरपार काचेच्या घड्याळाची, ज्यात काटे अधांतरी फिरतात आणि मागचा पडदा स्पष्ट दिसतो.

ही कल्पना फ्रान्समधली. पुढे जादूगार म्हणून नावाजलेल्या झां-यूजेन रोबेर-उदँ याचा मूळचा व्यवसाय घड्याळजीचा होता, आणि काचेच्या तबकडीची गूढ घड्याळे त्याने 1839 च्या सुमारास केली. त्यांवरून स्फूर्ती घेऊन मोरिस कुए याने कार्तिए या फ्रेंच जवाहिरांसाठी 1912 मध्ये जे घड्याळ घडवले, त्यात प्रत्येक काटा स्वतंत्र काचेच्या चकतीवर बसवलेला असतो, चकतीच्या कडेचे दाते चौकटीत झाकलेले असतात आणि यंत्र खाली पायात असते. म्हणजे काटा फिरत नाही, काच फिरते. आणि स्वच्छ गोल काच फिरताना डोळ्यांना कळत नाही, एवढेच ते गुपित. ही घड्याळे लिलावांत विकली जातात, आणि लिलावाची सूचीपत्रे पाहण्यापलीकडे माझी मजल नाही. त्यामुळे मी त्यांच्या अमेरिकी भावंडावर समाधान मानले. इलिनॉयमधल्या बेलवूड येथील जेफरसन इलेक्ट्रिक कंपनीचे ‘गोल्डन अवर’ हे विजेवर चालणारे, सोन्याचा मुलामा दिलेले घड्याळ दुर्मीळ नाही, पण पुण्यात मी तरी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेले नाही. शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने ते एका जुन्या घराच्या सामानविक्रीत घेतले आणि टॉवेलात गुंडाळून, विमानात मांडीवर धरून आणले.

पहिली अडचण लगेच दिसली. 230 व्होल्टचे 110 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावून मी घड्याळ सुरू केले, तेव्हा तासकाटाही मिनिटकाट्याबरोबर तासाला एक फेरी मारू लागला. या घड्याळात काच एकच असते. मिनिटकाटा तिच्यावर पक्का बसवलेला असतो आणि तासकाट्याला गती मिळते ती मधल्या नाण्याएवढ्या डबीतल्या चिमुकल्या चाकांतून. त्या डबीत एक वजन असते. काच फिरली तरी ते आपल्या भाराने खालीच राहते, आणि त्याच्या आधारानेच चाके काट्याचा वेग बारापट कमी करतात. वंगण वाळून डिंकासारखे झाले की वजन काचेबरोबरच गरगरते आणि तासकाटाही तिच्यामागे जातो. आमच्या पेठेतल्या घड्याळजींनी आधी ‘विजेच्या वस्तूला मी हात लावत नाही’ असे सांगून मला परत पाठवले होते. पण मधली डबी उघडून दाखवताच त्यांनी डोळ्याला भिंग लावले, चाके पेट्रोलमध्ये धुतली आणि दीड तासाने दोन्ही काटे आपापल्या चालीने चालू लागले. पैसे मात्र त्यांनी मनगटी घड्याळाचेच घेतले.

दुसरी अडचण अशी होती की ती मला अडचण वाटलीच नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाला वेळ लावून आम्ही लग्नासाठी सांगलीला गेलो आणि सोमवारी संध्याकाळी साडेसहाला परतलो, तेव्हा घड्याळ जेमतेम पाच मिनिटे मागे होते. इतक्या जुन्या यंत्राला हे शोभून दिसते, असे मी भाच्याला कौतुकाने कळवलेसुद्धा. मंगळवारी सकाळी साडेसहाला मात्र त्यात साडेचारही वाजले नव्हते. दोन दिवस मी बिघाड डबीतच शोधत राहिलो आणि घड्याळजींना उगाच दोष दिला.

उलगडा केला तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्यांनी, तळाच्या पट्टीवरची अक्षरे वाचून. घड्याळातली सिंक्रोनस मोटर व्होल्टवर नव्हे, विजेच्या आवर्तनांवर वेळ मोजते. अमेरिकेत ती सेकंदाला 60 असतात, आपल्याकडे 50. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, आवर्तने बदलत नाही. त्यामुळे घड्याळ तासाला दहा मिनिटे, म्हणजे दिवसाला चार तास मागे पडते आणि बरोबर बहात्तर तासांनी बारा तास मागे जाऊन पुन्हा खरी वेळ दाखवते. सांगलीचे लग्न नेमके तेवढेच लांबले होते! मोटरची गुंडाळी का तापते तेही त्यांनी सांगितले: कमी आवर्तनांवर ती जास्त प्रवाह ओढते, म्हणून पन्नासावर तिला शंभर व्होल्टच पुरेसे होते.

दाते बदलून हिशेब जुळवता आला असता, पण मूळ चाक काढून दुसरे घालणे म्हणजे जुन्या वस्तूचे जुनेपणच काढून घेणे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत मोटारगाडीत लावायला 12 व्होल्टवर चालणारा छोटा इन्व्हर्टर मिळतो आणि तो साहजिकच 60 आवर्तनांची वीज देतो. पहिला स्वस्तातला आणला, त्यावर घड्याळ भुंग्यासारखे गुणगुणू लागले. त्यातून निघणारी लहर पायऱ्यापायऱ्यांची होती. दुसरा शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहरीचा, भाच्याच्या पुढच्या फेरीपर्यंत पाच महिने वाट पाहून मिळाला. येथील विजेवर चालणाऱ्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरला तो जोडला आणि दोन्ही वस्तू घड्याळाखालच्या खणात ठेवल्या. आता घड्याळाच्या यंत्रासारखाच तो खोकाही कोणाला दिसत नाही.

या वेळी तपासणी मी बहात्तर तासांनी न करता पाच, एकोणीस आणि एकतीस तासांनी केली, आणि एकोणीस तास रात्री तीन वाजता भरत होते म्हणून गजर लावून उठलो. तिन्ही वेळा मिनिटकाटा भ्रमणध्वनीवरच्या वेळेशी जुळला.