गोलकीपरकडे बघा जरा!

आज फुटबॉल मॅचला मुद्दाम गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि जवळपास पूर्ण वेळ आमच्या कीपरकडेच बघत होतो. बॉल पार समोरच्या टोकाला असला तरी पोराचं तोंड चालूच, "लाईन वर घे, डिफेन्स पुढे सरका", "डावीकडे मोकळा आहे बघ", आणि स्वतः बॉक्सच्या बाहेर येऊन उभा. म्हणजे डिफेन्सच्या मागे पडलेला बॉल आधी यालाच गाठायचा असतो. 2014 च्या वर्ल्डकपमध्ये अल्जेरियाविरुद्ध जर्मनीचा कीपर नॉयर असाच पुन्हा पुन्हा बाहेर धावत येऊन अटॅक मोडत होता, आठवतंय ना? 1992 ला नियम आला की आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास हातात घ्यायचा नाही, तेव्हापासून कीपरला पाय चालवावेच लागतात.

पण खरं डोक्याचं काम वेगळंच आहे. आज गोल बसला, पोराने जाळीतून बॉल काढला, सेंटरला फेकला, ग्लोव्हजचे पट्टे घट्ट केले आणि पुढचा बॅकपास स्वतः ओरडून मागितला, समोर स्ट्रायकर अंगावर येत असताना! हे मला कुठल्याही सेव्हपेक्षा भारी वाटलं. 2022 च्या वर्ल्डकप फायनलमध्ये तीन गोल खाल्ल्यावरही एक्स्ट्रा टाईमच्या शेवटी अर्जेंटिनाच्या कीपर मार्टिनेझने डावा पाय टाकून फ्रान्सच्या कोलो मुआनीचा शॉट अडवला, ते अशाच डोक्यामुळे.

कोचना सांगून आलोय, पासिंगच्या ड्रिलमध्ये कीपरलाही सगळ्यांसोबत घ्या, त्याला एकट्याला कोपऱ्यात डाईव्ह मारायला लावू नका.