मायची ओटी

येत्या पोळ्याला मायला जाऊन वर्ष होईल. तिची कापूस वेचायची ओटी माझ्या अमरावतीच्या घरी कपाटात ठेवली आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा, कमरेला गाठ मारून मारून दोन्ही टोकं पार चुरगळलेली. मी तो अजून धुतला नाही.

दारव्ह्याजवळ आमचं चार एकर कोरडवाहू वावर. दसऱ्याच्या सुमारास बोंडं फुटली की माय आधी वावरात सीतादही करायची, पऱ्हाटीला दहीभात वाहायची, मगच पहिलं बोंड ओटीत पडायचं. वाळल्या बोंडांची टोकं सुईसारखी. रात्री ती नखांच्या कडेला जवसाचं तेल चोळत बसायची आणि सकाळी पुन्हा तेच.

आमचं वेचून झालं की ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं जायची. मजुरी किलोवर. दवात भिजलेला कापूस जड भरतो, म्हणून काही बाया झुंजूमुंजूलाच वेचायला लागायच्या. माय मात्र ऊन चढेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायची. मी आठवीत होते, वह्यांना पैसे नव्हते. एकदा तिच्यावर ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "ओला कापूस तोलात भरते पोरी, पन गंजीत तापते, पिवळा पडते. ज्याचा हाय तोबी आपल्यावानीच हाय."

माझं ते ओरडणं मला आजही टोचतं.

तिचं माहेर कारंज्याकडे. जायचं ते शकुंतलेनं, मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद रुळांवरच्या आगगाडीनं. माझ्या मुलाला आजीच्या गोष्टींतली ही गाडी फार आवडायची. त्यानं एकदा शोधून तिला सांगितलं, की ते वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं होतं आणि १९९४ पर्यंत धावलं. माय बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "बाप्पा! म्हंजे माह्या मायपेक्षाबी मोठी होती ते!" त्यानंतर ती शकुंतलेचं नाव आजेसासूचं घ्यावं तशी घ्यायची.

२००२ नंतर गावात बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटं आली, आमच्याही वावरात आली. पण धुऱ्यालगतची एक ओळ मायनं देशी कापसाचीच ठेवली, देवाच्या वातींसाठी. मृग लागला की ती सरकी शेणात घोळून वाळवायची. माझी लेक सुट्टीत गेली, की दोघींचे हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले. शहरात बोट मळलं तरी धुवायला पळणारी माझी पोरगी!

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मायची बोटं सारखी चादर चिमटायची. नर्सला वाटलं, ती बेचैन आहे. मलाही तसंच वाटलं. ओळखलं ते लेकीनं. "मम्मी, आजी वेचून राह्यली."

दुसऱ्या दिवशी तिनं गावच्या घरून वातींचा डबा मागवला आणि त्यातला सरकीसकट मूठभर कापूस आजीच्या हातात दिला. मायचे डोळे मिटलेलेच होते. तिनं कापूस चोळून पाहिला, एकेक सरकी काढून नातीच्या तळहातावर ठेवली. सात निघाल्या. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "कोरडा हाय न?"

"हो आजी," लेक म्हणाली, "ऊन चढलं आता."