काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर आणि मुंबईची दमट हवा

काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या, रिव्हॉल्व्हरला साफ करताना आधी तेल नाही, आधी पाणी. आजच्या काडतुसांची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. या दारूत शेकडा ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनच राहतो. काही धुराबरोबर उडतो, बाकीचा नळीत आणि दारू-गोळी भरायच्या फिरत्या चक्रीत बसतो. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल ओढून घेतं. हे क्षार पाण्यात विरघळतात, मशीनच्या तेलात नाही. आधी तेल घातलं तर काजळीचं डांबर होतं आणि त्याखाली गंज निवांत चालू राहतो.

माझ्याकडे परवान्यावरची, १८५८ च्या रेमिंग्टनची .४४ ची प्रतिकृती आहे. ती त्याच संध्याकाळी धुतो. जुलैत काम उद्यावर टाकलं की सकाळी चक्रीच्या तोंडाशी नारिंगी कडा दिसते.

पहिलं काम खात्रीचं. चक्रीच्या मागे प्रत्येक घराला एक पोकळ बोंडी असते, तिला निपल म्हणतात; एकाही निपलवर ठिणगी देणारी तांब्याची टोपी नाही ना, हे पाहायचं. मग घोडा अर्धा चढवून चक्री फिरवत सहाही घरांत पितळी सळी तळापर्यंत घालून बघायची, म्हणजे एखादं घर भरलेलं राहिलं असेल तर कळतं. त्यानंतर नळीखालची, गोळी दाबून भरायच्या दट्ट्याची दांडी खाली घेऊन चक्रीची पिन पुढे ओढली की चक्री बाजूने निघते. कोल्टच्या नमुन्यात नळीची पाचर काढावी लागते. तिला लोखंडी हातोडी लावू नका, लाकडी ठोकळ्याने ठोका.

मुठीच्या अक्रोडी पट्ट्या पाण्याआधी काढायच्याच. स्क्रूसाठी नागदेवी स्ट्रीटवरून साधा स्क्रूड्रायव्हर आणला तरी चालतो, पण त्याचं पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्या. निमुळतं पातं घसरतं आणि स्क्रूचं डोकं खातं. निपल पान्याने सहाही काढायचे. इटालियन प्रतिकृतींत त्यांचे आटे ६ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.७५ मिलिमीटर अंतराचे असतात. बाजारातला नेहमीचा एम-६ टॅप, म्हणजे ६ मिलिमीटरचे आटे पाडायचं हत्यार, १ मिलिमीटर अंतराचा असतो. तो 'साफ करायला' म्हणून फिरवला तर चक्री बाद.

पाणी हाताला सोसेल इतकं गरम, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. उकळतं पाणी लवकर सुकतं खरं, पण तापलेल्या पोलादावर डोळ्यांदेखत तांबूस पापुद्रा धरतो. पालिकेच्या नळाचं पाणी चांगलं. टँकरचं किंवा बोअरचं खारं पाणी टाळा. काजळी भिजली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा, घाबरू नका. जुन्या बनियनच्या चिंध्या नळीतून एकामागून एक ढकलायच्या: काळी, राखाडी, मग फिक्या चहाच्या रंगाची, शेवटी पांढरी. धुणात शिसं असतं, म्हणून ही बादली आणि ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत.

निपलचं भोक बारीक तारेने मोकळं करून उजेडाकडे धरा. वाटोळा, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. फुटलेल्या टोप्यांचे तांब्याचे कपटे घोड्याच्या फटीतून आत पडतात आणि चक्री मध्येच अडते. तेव्हा बिघाड शोधत बसण्याआधी कपटा शोधा. आतली यंत्रणा मी दर वेळी उघडत नाही. सांगाडा साबणपाण्यात हलवतो, साध्या पाण्याने खळबळतो आणि दर तीन-चार खेपांनी पूर्ण खोलतो. खोलण्याआधी मुठीच्या पुढच्या अंगाचा ताणाचा स्क्रू सैल करायचा, नाहीतर मुख्य स्प्रिंग अंगावर येते.

मुंबईत खरी कसोटी वाळवण्याची. पंख्याखाली ठेवून भागत नाही, हवेतच पाणी असतं. हेअर ड्रायरने प्रत्येक भाग इतका तापवतो की उघड्या हाताने धरवत नाही. निपलच्या आट्यांत आणि चक्रीच्या खाचांत पाणी लपतं, तिथे जास्त वेळ द्यायचा.

गरम असतानाच मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवतो. खोबरेल नको, ते कालांतराने खवट आणि चिकट होतं. चक्रीच्या पिनेवर आणि निपलच्या आट्यांवर वेगळं वंगण लावतो: एक भाग मधमाशांचं मेण आणि दोन भाग तिळाचं तेल, वाटीत घालून गरम पाण्यात वितळवलेलं. एप्रिल-मेमध्ये ते पातळ होतं, तेव्हा मेण वाढवतो. रेमिंग्टनची पिन बारीक आणि घट्ट बसते. तिथे वंगण नसेल तर दोन-तीन फेऱ्यांतच चक्री जड फिरते.

चामड्याच्या म्यानात कधीच ठेवत नाही, चामडं ओल धरतं. कुलपाच्या डब्यात निळी सिलिका जेल ठेवतो. ती गुलाबी झाली की तापवून पुन्हा निळी करायची. दुसऱ्या दिवशी नळीतून कोरडी चिंधी फिरवतो. ती तपकिरी आली तर सगळं पुन्हा पाण्यापासून. पांढरी आली तर तेलाचा हात देऊन बंद, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तीच चिंधी.