आमची वाटचाल: गाडी बघायची ती मागच्या सीटवरून

आमचं जुन्या गाड्यांचं काम सांगली-मिरज रोडला आहे. यार्डात एका वेळी बारा-चौदा गाड्या असतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सेडान, म्हणजे मागं वेगळी डिकी असलेल्या. २००९ ला सुरुवात केली तेव्हा यार्ड वगैरे काही नव्हतं, वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मी एका गॅरेजमध्ये सात वर्षं काढलेली, घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याचं शेड टाकलं आणि दोघांनी मिळून चालू केलं. पहिली गाडी घेतली ती इंडिगो डिझेल. ती विकायला अडीच महिने लागले, पण त्या अडीच महिन्यात अण्णांनी (वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो) मला त्या एका गाडीवर जे शिकवलं ते गॅरेजच्या सात वर्षात शिकलो नव्हतो.

पण आज आमच्याकडे जी पद्धत आहे ती अण्णांमुळे आली नाही, ती एका गिऱ्हाइकाच्या आईमुळे आली. २०१३ ची गोष्ट. कवठेमहांकाळकडचे एक शिक्षक आले, त्यांना होंडा सिटी पाहिजे होती, काळी, फर्स्ट ओनर. आमच्याकडे तशीच उभी होती आणि गाडी खरंच चांगली होती, इंजिन तर असं की चालू आहे का बंद ते बोनेटवर हात ठेवल्याशिवाय कळू नये. सर एकटेच आले, चालवली, आवडली, दुसऱ्या दिवशी पैसे भरून घेऊन गेले. चार महिन्यांनी परत आले, म्हणाले गाडीत काही दोष नाही पण बदलून द्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ती मागं बसते ती खाली खोल जाते, उतरताना दोघांनी धरून ओढावं लागतं, आता ती म्हणते तुम्ही जावा मी घरीच थांबते. पंढरपूरला जायचं होतं तर आली नाही. गाडी आईसाठीच घेतली होती ओ, असं म्हणून सर गप्प बसले.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं आईंना घेऊन या, मग बघू. आई आल्या, उभ्या असलेल्या पाच गाड्यांत आम्ही त्यांना एकेक करून बसवलं आणि उतरवलं. शेवटी त्यांनी इटिऑस पसंत केली, दिसायला साधी, मीटर डॅशबोर्डच्या मधोमध त्यामुळे सरांना ते विचित्र वाटत होतं, पण मागची सीट त्यांच्या गुडघ्याला जमणारी, दार मोठं उघडतं आणि मागं पायाखालचा मधला उंचवटा जवळपास नाहीच त्यामुळे आत सरकताना पाय अडत नाही. आई स्वतः बसल्या, स्वतः उतरल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, हीच घे रे बाळा. तेव्हापासून आमचा नियम आहे, घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस मागच्या सीटवर बसून उतरल्याशिवाय आम्ही इसार घेत नाही. सुरुवातीला लोकांना राग यायचा, एवढ्या लांबनं आलोय आणि हा म्हणतो आज्जीला आणा. काही गिऱ्हाइकं गेली पण. पण जी राहिली त्यांनी पुढं भाऊ, मेहुणे, ऑफिसमधले सगळे आणून दिले, आमचा धंदा त्यावर वाढलाय, जाहिरातीवर नाही.

दुसरी गोष्ट डिकी. सेडान घेणारा माणूस डिकीसाठीच घेतो, नाहीतर स्विफ्टसारखी हॅचबॅक (वेगळी डिकी नसलेली गाडी) काय वाईट आहे. पण डिकी डिकीत फार फरक असतो आणि तो कागदावरच्या लिटरमध्ये अर्धाच कळतो. बघा, २००८ ला पहिली स्विफ्ट डिझायर आली तिची लांबी ४ मीटरपेक्षा जास्त होती आणि डिकी ४४० लिटरची. सरकारने २००६ पासून ४ मीटरच्या आतल्या लहान इंजिनच्या गाड्यांवर एक्साइज (उत्पादन कर) कमी केली होती, त्यात बसवायला कंपनीने २०१२ ची डिझायर मागून कापल्यासारखी ३९९५ मिलिमीटरची केली आणि डिकी आली ३१६ लिटरवर. २०१७ च्या मॉडेलला परत ३७८ झाली. म्हणजे नाव एकच डिझायर, पण तीन वेगवेगळ्या सालच्या तीन गाड्या समोर ठेवल्या तर एकीत दोन मोठ्या बॅगा जातात आणि दुसरीत एक बॅग मांडीवर घ्यायला लागते. इटिऑसची ५९५, सियाझ आणि २०१४ ची सिटी दोन्ही ५१० च्या, एक्सेंट ४०७. आणि त्यावर सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर हे सगळे आकडे विसरायचे, टाकीच्या पुढं एखादी हँडबॅग आणि पाण्याची बाटली. सीएनजीला माझा विरोध नाही, रोज साठ-सत्तर किलोमीटर असेल तर घ्यावीच, फक्त किट आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) चढवलेलं आहे का आणि टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झालीय का ते बघा.

लिटरपेक्षा डिकीचं तोंड महत्त्वाचं. मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवणारी घरं आहेत, त्यातले एक चाचा गाडी बघायला आले, त्यांना कार्यक्रमाला वाद्यं पोचवायची असतात. डिकीचा आकडा मोठा बघून सियाझवर त्यांचं मन बसलं होतं. मी म्हटलं चाचा, तंबोरा घेऊन या. फायबरच्या पेटीतला तंबोरा आणला, भोपळ्याची बाजू डिकीच्या ओठावरच अडली, तिरका केला, उभा केला, आडवा केला, आत जाईना. आणि सियाझची मागची सीट पडत नाही त्यामुळे डिकीतून केबिनमध्ये लांबट वस्तू घालायची सोयच नाही, आपल्याकडच्या बऱ्याच सेडानची तीच गत. त्यांना मी सेडान विकलीच नाही, सीट पाडता येणारी हॅचबॅक ओळखीच्या डीलरकडून बघून दिली. त्यात मला एक रुपया मिळाला नाही, पण ते चाचा आजही ईदला शीरखुर्मा पाठवतात आणि त्यांच्या मुलाने लग्नानंतर आमच्याकडूनच अमेझ नेली. व्हीलचेअर वापरणारं कोणी घरात असेल तर तीच गोष्ट, घडी घातलेली व्हीलचेअर घेऊन या आणि स्वतःच्या हाताने उचलून डिकीत ठेवून बघा, डिकीचा ओठ उंच असला की रोज कंबर मोडते. मिरजेत दवाखाने एवढे आहेत की डायलिसिसला, तपासणीला आठवड्याला दोनदा येणारी कुटुंबं आमच्याकडे खूप येतात, त्यांना मायलेज आणि रंग या गोष्टी नंतर.

आता जो प्रसंग मला अजून टोचतो तो सांगतो. २०१६ ला एका एजंटकडून एक टॉप मॉडेल सेडान घेतली, चेन्नईची पासिंग (नोंदणी), तिथल्या आरटीओची एनओसी बरोबर, किलोमीटर कमी, रेट चांगला. अण्णा तेव्हा आजारी होते, मी एकट्यानेच बघितली आणि पॉलिशला भुललो. इस्लामपूरच्या एका काकांना दिली, मुलीच्या लग्नाच्या धावपळीसाठी घेतलेली. दोन महिन्यांनी पावसात काचा आपोआप खाली यायला लागल्या, एअरबॅगचा दिवा लागून राहिला आणि एका रात्री किणी टोलनाक्याच्या अलीकडे गाडी पूर्ण बंद, आत पाच माणसं, त्यात नवी नवरी. मी रात्री दोनला तिथं पोचलो. गाडी ओढून आणली, सकाळी कार्पेट उचललं तर खालचा फोम अजून ओलसर आणि सीटच्या रेलवर गंज. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर शेवटच्या हातभर पट्टीवर चहाच्या डागासारखी सरळ रेघ. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरात ती गाडी बुडालेली होती. काकांना पूर्ण पैसे परत दिले, त्यासाठी बायकोचं सोनं गहाण ठेवलं, ते सोडवायला दीड वर्ष गेलं. काका पैसे घेताना एवढंच म्हणाले, तुम्ही रात्री आलात ते विसरणार नाही. मला मात्र त्यांच्या मुलीचा रस्त्याच्या कडेला शालू आवरून उभा राहिलेला चेहरा विसरता येत नाही.

त्यानंतर गाडी घेताना पहिलं काम, चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. मग स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात बोट फिरवायचं, गाळ कितीही धुतला तरी जोडाच्या फटीत राहतो. फ्यूज बॉक्स उघडायचा. एसी फुल करून पहिला वास घ्यायचा, सेंटचा उग्र वास असेल तर सेंट कशावर मारलाय ते शोधायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच सांगलीत पूर आला, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर, गावभाग, मारुती चौक सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर महिनाभर रोज कोणीतरी यायचं, भाऊ गाडी घ्या, मिळेल ते द्या. ओळखीची माणसं होती, नाही म्हणताना जीव तुटायचा, पण एकही घेतली नाही. त्याऐवजी मी आणि आमचा मेकॅनिक घरोघर फिरून सांगत होतो की बुडालेली गाडी चालू करू नका, चावी फिरवली आणि इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते इंजिनचं काम धरत नाहीत. फोटो काढा, टो करून न्या, आधी क्लेम टाका. २०२१ ला परत पूर आला तेव्हा बऱ्याच जणांनी हे आपणहून केलं.

अपघात झालेली गाडी त्यामानाने लवकर कळते. आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, परत मारलेला २००-२५० च्या वर, लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरलेली असली की आकडा कुठल्या कुठं जातो. एखादं दार, बंपर परत मारलेलं असेल तर त्यात काही नाही, आपल्याकडच्या गल्ल्यांत ओरखडा पडणारच. एप्रन (बोनेटखालचा बाजूचा पत्रा) आणि पिलरला (छत पेलणाऱ्या खांबांना) मात्र वेल्डिंग चालत नाही. काचेवरचे आणि टायरवरचे बनवल्याच्या तारखेचे आकडे बघा, टायरवर शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, म्हणजे मीटर मागं फिरवल्याचा संशय, असं दिसलं की आम्ही पुढचं बोलतच नाही. डिझायर आणि इटिऑसमध्ये अजून एक, टॅक्सीची पांढऱ्या (खाजगी) पासिंगला केलेली गाडी असू शकते, त्यासाठी आरसीचा जुना इतिहास बघायचा.

कागदपत्रांचं सगळं काम माझी बायको बघते आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे. पूर्वी सगळीकडे २९-३० नंबरच्या (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या) फॉर्मवर आधीच सही घेऊन गाडी फिरायची, मालक कुठला आणि चालवतोय कोण काही पत्ता नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येणार. २०२३ च्या एप्रिलपासून डीलरला आरटीओचं ऑथरायझेशन घ्यायचा नियम आला तेव्हा ओळखीचे बरेच जण कुरकुरले, आम्हाला बरंच वाटलं. गाडी देताना बँकेचा बोजा उतरला का, म्हणजे फॉर्म ३५, हे ती आधी बघते. आणि विम्यातला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) हा माणसाचा असतो, गाडीचा नाही, जुन्या मालकाचा बोनस तुमच्याकडे येत नाही, हे ती प्रत्येकाला समजावून सांगते कारण त्यावरून नंतर फार भांडणं होतात.

लॉकडाऊनचे चार महिने यार्ड बंद होतं, उघडल्यावर मात्र एसटीनं जायला घाबरणारी माणसं पहिल्यांदाच गाडी घ्यायला आली. तेव्हा आम्ही अजून एक गोष्ट ठरवली. लहान मूल असलेल्या घराला एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम न होऊ देणारी सोय) नसलेली गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून द्यायची नाही. २०१९ च्या आधीच्या बेस मॉडेलना बऱ्याचदा दोन्ही नसतं, वरचं मॉडेल एक-दोन वर्षं जुनं घ्यावं लागलं तरी चालेल. मुलाची सीट बसवायची असेल तर मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सची (मुलाची सीट अडकवायची) कडी लागते का चाचपा. मधे बसणाऱ्याला पूर्ण पट्टा आहे का नुसता कमरेचा, तेही बघा, घरात पाच माणसं असतील तर मधे कोणीतरी रोज बसणार आहे. टेस्ट ड्राइव्ह पण आम्ही पाच माणसं बसवूनच देतो. एकटा माणूस स्पीडब्रेकरवरून आरामात जातो, पाच जण आणि डिकीत सामान असलं की तीच गाडी खाली घासते, मग गावाकडच्या रस्त्याला रोजचं दुखणं.

अण्णा २०२२ ला गेले. शेवटपर्यंत सकाळी यार्डात येऊन नवीन आलेल्या गाडीत मागं बसायचे, दार बंद करायचे, आवाज ऐकायचे, मग उतरून मला सांगायचे ठेव किंवा परत दे. आता ते काम आई करते. तिला गाडीतलं काही कळत नाही असं ती म्हणते, पण गेल्या महिन्यात तिनं एक सियाझ परत पाठवायला लावली कारण उतरताना डावं दार हाताला जड लागत होतं, आणि मीटर लावून बघितलं तर त्याच बाजूच्या पिलरला काम झालेलं होतं.

सोमवारी आम्ही बंद असतो. बाकी दिवशी सकाळी दहापासून या, येताना घरातल्या मोठ्यांना घेऊन या आणि नेहमी जे सामान न्यायचं असतं, बॅग असो, व्हीलचेअर असो नाहीतर बेदाण्याचे बॉक्स, तेही गाडीत टाकून आणा.