गोळी किती वाजता घेतली?

ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचं निम्मं काम हा एक प्रश्न विचारण्यात जातं.

बार्शीकडचा पोरगा. आईची किडनी बसवून दोन महिने झालेले. रात्रीच्या एसटीनं पुण्याला फॉलोअपला आला. लघवी भरपूर, ताप नाही, दुखणं नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारा कचरा, १.३, लॅबच्या छापील मर्यादेत, म्हणून आकड्यापुढे खूण नाही. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी, तिची रक्तातली लेव्हल ९.४. सुरुवातीच्या महिन्यांत आम्हाला ८ ते १० हवीच असते. ज्युनिअर डॉक्टरांनी फाइल मिटली.

पण डिस्चार्जपासून याचं क्रिएटिनिन १.० होतं. म्हणजे ३० टक्के वाढ! किडनी बसवलेल्या माणसाचा आकडा त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडायचा असतो. छापील 'नॉर्मल'वर विसंबणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

"सकाळची गोळी कधी घेतलीस रे?"

"सातला, ताई. खाडा नको म्हणून एसटीतच घेतली."

रक्त दिलं साडेआठला. ही लेव्हल रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी पोटात जाण्याआधी बघायची. गोळीनंतर एक ते तीन तासांत औषध रक्तात सर्वांत जास्त असतं. ते ९.४ असं फुगलेलं होतं. दुसऱ्या दिवशी गोळीआधी रक्त घेतलं. ४.१.

सरांनी ऐकलं, लगेच बायॉप्सी लावली. बसवलेली किडनी ओटीपोटात, कातडीखालीच असते. सोनोग्राफीत बघत सुई घालतात, मग काही तास हलायचं नाही. रिपोर्टमध्ये नलिकांच्या भिंतींत पांढऱ्या पेशी शिरलेल्या. रिजेक्शन, सुरुवातीचं. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज ५०० मिलिग्रॅम, तीन दिवस.

सलाईन चालू असताना आईनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, माझीच किडनी कमी पडली का हो?"

"नाही हो मावशी, किडनी उत्तम आहे. त्याचं शरीर तिला परकं समजतंय, एवढंच."

तिनं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

त्याच्या पिशवीतल्या गोळ्या मोजल्या. एकही चुकलेली नव्हती. पाकीट मात्र दुसऱ्या कंपनीचं. औषधवाल्यानं "सेमच आहे" म्हणून दिलेलं. लेव्हल त्यानंच उतरली का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही आणि तेच डोक्यातून जात नाही. कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा बघायची असते. पण बदलल्याचं आम्हाला कळवणार कोण?

क्रिएटिनिन १.१ वर आलं. रक्ताच्या फॉर्मवर शेवटच्या गोळीच्या वेळेचा रकाना हवा, असं मी लेखी दिलंय. तो छापून येईपर्यंत वेळ मीच पेनानं लिहिते.